मराठी नायिकेच्या रूपादर्शाची घडण

१. प्रास्ताविक

स्त्रीसौंदर्याच्या आदर्शाचा विचार करताना दोन समजुती सामान्यतः गृहीत धरल्या जातात. सौंदर्याचे माप निसर्गानेच घालून दिलेले असते, ही पहिली. आणि कला ते माप केवळ प्रकट करते, ही दुसरी. मराठी रंगभूमीचा इतिहास या दोन्ही समजुतींना बाध आणतो. सांगलीस १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रतिष्ठित मराठी नाटकमंडळ्यांतील नायिका ही बहुतांशी पुरुषाने उभी केलेली नायिका होती. शकुंतला, सुभद्रा, शारदा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू ही नावे उच्चारताच प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे जी स्त्री उभी राहत असे, तिचा देह स्त्रीचा नव्हता. असे असूनही तीच कुलीन स्त्रीत्वाचा नमुना ठरली, आणि सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी तिचे अनुकरण केले.

ही गोष्ट एक गमतीदार विसंगती म्हणून सांगून सोडून देण्यासारखी नाही. जो आदर्श पुरुषाला शिकता येतो आणि जो पाहून स्त्रिया आपली राहणी बदलतात, तो निसर्गदत्त खास नव्हे. तो घडविलेला असतो. आणि जे घडविलेले असते त्याची कारणे शोधता येतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, लोकरंजनाच्या क्षेत्रातील स्त्रीचा रूपादर्श मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतो. रंगमंचावर कोणाला प्रवेश आहे, ही पहिली गोष्ट. प्रेक्षक नायिकेला किती अंतरावरून आणि कोणत्या साधनांच्या साहाय्याने पाहतो व ऐकतो, ही दुसरी. आपल्या घरातील स्त्री कशी असावी याविषयी त्या प्रेक्षकाच्या मनात कोणती कल्पना आहे, ही तिसरी. यांपैकी एखादी गोष्ट बदलली की आदर्शही बदलतो. मात्र या बदलाची किंमत सर्वांना सारखी द्यावी लागत नाही. ती कोणी दिली, हाही या विवेचनाचाच भाग आहे.

२. कंठाचे माप

बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास झाला, आणि मराठी रंगभूमीचा एक नवा कालखंड सुरू झाला. त्या काळी महाराष्ट्रात गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया नव्हत्या असे मुळीच नाही. तमाशाच्या फडांत त्या होत्या. कलावंतिणींच्या बैठकींत होत्या. गोमंतकातील देवळांच्या परिसरात तर गायनाची परंपरा त्यांनीच पिढ्यान् पिढ्या सांभाळली होती. नव्या संगीत नाटकाला मात्र सुशिक्षित, पांढरपेशा समाजाची मान्यता हवी होती. कुलीन स्त्रीने लोकांसमोर उभे राहणे त्या समाजाला मान्य नव्हते. आणि जी स्त्री लोकांसमोर उभी राहत असे, तिने शकुंतला किंवा सुभद्रा व्हावे हेही त्याला रुचणारे नव्हते. या दुहेरी निषेधातून स्त्रीपार्टी नटाचे स्थान पक्के झाले. म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष हा स्त्रियांच्या अभावामुळे आला नाही. उपलब्ध असलेल्या स्त्रियांना वगळल्यामुळे तो आला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

या परंपरेतील पहिले मोठे नाव भाऊराव कोल्हटकर यांचे. १८६३ मध्ये जन्मलेले भाऊराव बडोद्याहून किर्लोस्कर मंडळीत आले, आणि १८८२ च्या 'सौभद्रा'त त्यांनी सुभद्रा साकारली. त्यांचे रूप देखणे होते. परंतु त्यांची कीर्ती मुख्यतः गळ्याची होती. त्या काळची नाटकगृहे पुष्कळदा तात्पुरत्या मांडवाची असत, उजेड तेलाच्या अथवा गॅसच्या दिव्यांचा असे, ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नायिकेच्या चेहऱ्यावरील सूक्ष्म भाव दिसणे कठीण, पण तिचे पद मात्र स्पष्ट ऐकू आले पाहिजे. अशा परिस्थितीत नायिकेचे सौंदर्य डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक मोजले गेले. उंच, मोकळा, दूरवर पोचणारा आवाज हाच तिचा प्रमुख अलंकार झाला. पुढे भाऊराव पुरुषभूमिकांकडे वळले, आणि १९०१ मध्ये अकालीच निवर्तले. त्यांच्या पश्चात किर्लोस्कर मंडळीला नवा गळा हवा होता. आणि तो मिळाला तेव्हा त्याच्याबरोबर नायिकेचे एक नवे मापही आले.

३. चालरीतीचे माप

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. 'बालगंधर्व' ही उपाधी त्यांना लहानपणी लोकमान्य टिळकांनी दिली असे सांगतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेने रंगभूमीवर आले. १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमाना'त त्यांनी भामिनी उभी केली. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे १९१६ च्या 'स्वयंवरा'तील रुक्मिणी आणि १९१९ च्या 'एकच प्याला'तील सिंधू या भूमिकांनी त्यांच्या लौकिकावर कळस चढविला.

गळा बालगंधर्वांनाही असामान्य लाभला होता. परंतु भाऊरावांच्या नायिकेहून त्यांची नायिका वेगळी ठरली ती आणखी एका गुणामुळे. नायिकेने कसे बसावे, कसे वळावे, पदर केव्हा सावरावा, नजर किती वर उचलावी, लाजताना मान कोणत्या बाजूस कलवावी, या सर्वांची एक सुसंगत भाषाच त्यांनी सिद्ध केली. भरजरी शालू, अस्सल दागिने, केसांत फुले, रंगमंचावर उंची गालिचे आणि अत्तरांचा दरवळ यांवर मंडळीचा पैसा पाण्यासारखा खर्च होत असे, आणि पुढील कर्जबाजारीपणाचे एक बीज याच हौसेत होते. नऊवारी नेसण्याची त्यांची धाटणी, केशरचना, दागिन्यांची निवड ही पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांत अनुकरणाचा विषय झाली. नाटक पाहून परतलेल्या स्त्रीने आरशासमोर उभे राहून पुरुषाने शिकविलेला पदर घ्यावा, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. पण तिच्यातच या प्रश्नाचे मर्म आहे. स्त्रीत्व हा काही चिन्हांचा समुच्चय आहे असे एकदा रंगभूमीने मानले की, ती चिन्हे जो कोणी सर्वांत निष्ठेने आत्मसात करील तो सर्वांत उत्तम स्त्री ठरणार. निसर्गाने स्त्री असलेल्या व्यक्तीला त्यात आपोआप अग्रहक्क उरत नाही.

या आदर्शाला नैतिक आशयही होता. भामिनी ही श्रीमंत घरची मुलगी. गरीब सेनापती धैर्यधराला ती प्रथम हिणवते, आणि पुढे वनमाला नावाने सामान्य मुलीच्या वेषात राहून त्याचे मोल जाणते. म्हणजे नायिकेचा मान गळून पडणे हाच तिच्या सौंदर्याचा उत्कर्ष होय. राम गणेश गडकरी यांची सिंधू तर व्यसनी पतीपायी सर्वस्व गमावते आणि तरीही त्याच्याविषयी कटू शब्द काढीत नाही. भरजरी शालूत शोभणारा नट फाटक्या लुगड्यातही प्रेक्षकांना तितकाच सुंदर वाटला, कारण सहनशीलता हीच त्या आदर्शाची अंतिम कसोटी होती. लावण्य, शालीनता आणि सोशिकता अशी ही त्रयी एका पिढीच्या मनात इतकी एकजीव झाली की, सोशिक नसलेल्या स्त्रीला सुंदर म्हणणे कठीण झाले.

येथे संगीताचाही एक महत्त्वाचा दुवा नोंदविला पाहिजे. 'मानापमाना'तील पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी बांधल्या, आणि त्यांतील कित्येक उत्तरेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांच्या वळणावर होत्या. हे गीतप्रकार मुख्यतः पेशाने गाणाऱ्या स्त्रियांनी घडविलेले. त्यांच्या बैठकीत जाणे सभ्य गृहस्थाला लपवून करावे लागे, आणि सभ्य गृहिणीला तर अशक्यच होते. तेच स्वर भामिनीच्या मुखातून आले तेव्हा घरची स्त्री ते उघडपणे ऐकू शकली, गुणगुणूही शकली. कलावंतिणीची कला कुलीन घरात पोचली. परंतु ती पोचविणारा पुरुष होता, आणि जिची ती कला होती ती स्त्री दाराबाहेरच राहिली. याच सुमाराची आणखी एक घटना बोलकी आहे. कलावंत समाजातून आलेल्या हिराबाई पेडणेकर यांनी 'जयद्रथ विडंबन' (१९०४) व 'संगीत दामिनी' (१९१२) ही नाटके लिहिली, आणि 'दामिनी' केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. स्त्रीने नायिका कल्पिली, पण ती उभी करण्याचा अधिकार पुरुष नटाचाच राहिला.

४. स्त्रीचा प्रवेश आणि उसने माप

प्रतिष्ठित मंडळ्यांच्या परिघाबाहेर स्त्रिया नाटकांत कामे करीतच होत्या. केवळ स्त्रियांच्या अशा नाटकमंडळ्या होत्या, आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. पुढे गायिका म्हणून अखिल भारतीय कीर्ती मिळविलेल्या, गोव्यातील कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांचे बालपण नाटकमंडळीत गेले, आणि सातारकर स्त्री संगीत मंडळीतही त्यांनी कामे केली. परंतु या मंडळ्यांकडे समाजाने पाहिले ते कौतुकाने कमी आणि कुतूहलाने अधिक. पुरुषाने केलेली स्त्रीभूमिका ही कला, आणि स्त्रीने केलेली पुरुषभूमिका हा चमत्कार, अशी ही विषम वाटणी होती.

१९२९ मध्ये हिराबाई बडोदेकर यांनी नूतन संगीत नाटक मंडळी स्थापन करून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी व पुरुषांच्या पुरुषांनी करण्याचा पायंडा पाडला. त्यांच्या भगिनी कमलाबाई आणि सरस्वतीबाई याही त्यांच्यासमवेत होत्या. उस्ताद अब्दुल करीमखाँ व ताराबाई माने यांच्या या कन्येपुढे केवळ उत्तम अभिनय करण्याचा प्रश्न नव्हता. लोकांसमोर उभी राहणारी स्त्री कुलीन असू शकते, हे तिला प्रत्येक प्रयोगात आणि प्रत्येक मैफलीत सिद्ध करावयाचे होते. दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, हावभावांचा जवळजवळ पूर्ण त्याग, स्थिर व सौम्य मुद्रा ही हिराबाईंच्या मैफलीची ओळख झाली. तिकीट लावून होणाऱ्या जाहीर मैफलींत स्त्रीगायिकेला सन्मानाचे आसन मिळाले, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. मात्र हा सन्मान ज्या अटींवर मिळाला त्याही पाहिल्या पाहिजेत. बैठकीतील गायिकेच्या अदाकारीपासून जितके दूर जावे तितकी प्रतिष्ठा अधिक, असे ते सूत्र होते. पुरुष नटाने लाजणे, मुरकणे, कटाक्ष टाकणे हे रसिकतेने पाहिले गेले. तेच खऱ्या स्त्रीने केले असते तर तिच्या कुळाची चौकशी झाली असती. त्यामुळे रंगभूमीवर आलेल्या स्त्रीला बालगंधर्वांची चालरीत जशीच्या तशी उचलणे शक्य नव्हते, आणि तिच्याशी होणारी तुलना टाळणेही शक्य नव्हते. ती एका उसन्या मापाने मोजली जात होती.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने दाखविला. त्या वर्षी १ जुलै रोजी तिचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक मुंबईस झाले. नॉर्वेतील नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकाचे ते श्री. वि. वर्तक यांनी केलेले रूपांतर. पदे थोडी, बोलणे नित्याचे, देखावा घरातील खोलीचा, आणि स्त्रीभूमिका करण्यास स्त्रियाच. गोव्यातील बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे या नाटकातील नायिका होत्या. विवाहापूर्वी पुरुषाच्या चारित्र्याचा जाब स्त्रीने विचारावा की नाही, हा या नाटकाचा विषय. हा प्रश्न विचारणाऱ्या नायिकेला अलंकारांचा भार वाहून चालणार नव्हते. साधे पातळ, साधी वेणी, सहज स्वर हे तिचे नवे रूप. आणि 'कुलवधू' (१९४२) मधील त्यांच्याच भानुमतीने ते अधिक दृढ केले. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. पुरुषाने स्त्री होणे थांबले ते स्त्रीविषयीच्या न्यायबुद्धीने जितके, तितकेच आणखी एका कारणाने थांबले. ते कारण यंत्राचे होते.

५. यंत्राचा डोळा

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटासाठी तारामती मिळेना. तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता ही दोन्ही पात्रे साळुंके यांनीच वठविली. परंतु १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या मायलेकींनी पार्वतीची व मोहिनीची भूमिका केली होती. रंगभूमीवर जो बदल घडावयास बरीच वर्षे लागली, तो चित्रपटाने अल्पावधीत केला. कारण उघड आहे. नाटकगृहातील अंतर आणि मंद उजेड ज्या भ्रमाचे रक्षण करीत होते, तो भ्रम कॅमेऱ्याने नाहीसा केला. चेहरा पडदाभर होताच सफेदा व हिंगूळ यांच्या खालची त्वचा, जबड्याची ठेवण, मनगटाची रुंदी या गोष्टी बोलू लागल्या.

बालगंधर्वांचा स्वतःचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. मंडळी आर्थिक अडचणीत असताना त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. १९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली 'साध्वी मीराबाई' या बोलपटात ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले. परंतु रंगभूमीवरील जादू पडद्यावर उतरली नाही. रंगमंचावर मात्र पन्नाशी उलटल्यावरही प्रेक्षक त्यांची नायिका मनोभावे पाहत राहिले. तोच नट, तीच चालरीत, तोच गळा. फरक होता तो पाहण्याच्या अंतराचा. रूपादर्श साधनावर किती अवलंबून असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

आता एकाच भूमिकेची दोन रूपे शेजारी ठेवून पाहू. १९१३ ची तारामती अण्णा साळुंके यांची, तर १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मधील तारामती दुर्गा खोटे यांची. अवघ्या एकोणीस वर्षांचे हे अंतर. दुर्गाबाई प्रतिष्ठित, सुशिक्षित घराण्यातील होत्या. त्यांच्या येण्याने चित्रपटातील स्त्रीविषयीची कुलीनतेची शंका बरीचशी मावळली. उंच बांधा, रेखीव नाक, ताठ मान आणि ठाम बोलणे हे त्यांचे विशेष. पूर्वीच्या नायिकेचे सौंदर्य गोलाई व नजाकतीत होते. दुर्गाबाईंनी त्यात करारीपणा आणला. दासी म्हणून विकली गेलेली राणीही मान खाली न घालता उभी राहू शकते, हे प्रेक्षकाने प्रथमच पाहिले.

दुसरी तुलना याहून मोलाची आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' (१८९९) आणि व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७) यांचा विषय एकच, जरठ-कुमारी विवाह. शारदेचे काम स्वदेशहितचिंतक मंडळीत करून केशवराव भोसले बालवयातच गाजले. त्या नाटकात शारदा रडते, भयभीत होते, शेवटी नदीकडे धाव घेते. तिची सुटका घडते ती कोदंडाच्या हातून आणि धर्मपीठाच्या संमतीने. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेल्या 'कुंकू'मधील नीरा मात्र फसवून लग्न लावले गेल्यावर ते लग्न मनाने मानावयास नकार देते. ती दाराला कडी लावते, जाब विचारते, आणि अंगचटीस येणाऱ्या सावत्र मुलाला वेताने फटकावते. नीरेच्या भूमिकेतील शांता आपटे यांच्या डोळ्यांत राग होता. आणि प्रेक्षकाला तो राग सुंदर वाटला. शारदेपासून नीरेपर्यंतच्या अडतीस वर्षांत मराठी नायिकेच्या रूपात जो खरा बदल झाला तो हाच. सोशिकता ही सौंदर्याची अट राहिली नाही. पार्श्वसंगीत टाळून घड्याळाची टिकटिक, दारांचे आवाज एवढ्यांवरच शांताराम यांनी हा बोलपट तोलला, तेही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. नायिकेभोवतीचे संगीताचे वलय गळून पडले आणि तिचा शब्द ऐकू येऊ लागला.

याच काळात वेष आणि देह यांची मापेही बदलली. सकच्छ नऊवारी लुगड्याची जागा शहरांत हळूहळू विकच्छ गोल पातळाने घेतली. खोप्याची जागा वेणीने व सैल अंबाड्याने घेतली. मास्टर विनायक यांच्या 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोषाखात दिसल्या आणि मोठीच चर्चा झाली. चपळ, सडपातळ, मोकळा देह हा आता आदर्शाच्या कक्षेत आला. त्याबरोबर एक नवे बंधनही आले. रंगभूमीवरील नायिकेला प्रौढ होण्याची मुभा होती. पन्नाशीचा नट तेथे षोडशा होऊ शकत असे. पडद्यावरील स्त्रीला तिशीनंतर वयाचा हिशेब द्यावा लागू लागला. पुढे पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यावर तर रूप एका स्त्रीचे आणि कंठ दुसरीचा, अशी आदर्शाची वाटणीच झाली.

हे रूप विकणाऱ्या व्यवसायात स्त्रीचे स्थान काय, हा प्रश्नही एका नटीनेच प्रथम जोरदारपणे विचारला. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये आपल्याच चित्रसंस्थेच्या दारात उपोषण केले, आणि १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यातील व्यवहार उघड केले. पडद्यावर नीरेने विचारलेला जाब पडद्याबाहेर आला, हे लक्षणीय होय.

६. वेशीबाहेरचे स्त्रीत्व

आतापर्यंतचे विवेचन मध्यमवर्गाच्या रंजनासंबंधी झाले. त्याच्या समांतर तमाशाची दुसरी परंपरा चालत होती, आणि तिच्याकडे पाहिल्याविना हा विषय पुरा होत नाही. तमाशातही पूर्वी स्त्रीचा वेष घेऊन नाचणारा पुरुष, म्हणजे नाच्या, हे महत्त्वाचे पात्र होते. पुढे फडांत स्त्रिया आल्या. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची जोडी विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रभर गाजली. पवळा महार समाजातील, तर बापूराव जन्माने ब्राह्मण. तमाशातील बहुसंख्य नर्तकी महार, मांग, कोल्हाटी या समाजांतून आल्या, आणि त्यांच्या सौंदर्याला दाद देणारा समाज त्यांना कुलीनतेच्या मापात बसविण्यास कधीच तयार नव्हता.

'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि 'सांगत्ये ऐका' (१९५९) यांसारख्या चित्रपटांनी तमाशाला पडद्यावर आणले. या कालखंडातील मराठी चित्रपटात नायिकेच्या दोन प्रतिमा शेजारीशेजारी नांदताना दिसतात. एक 'वहिनींच्या बांगड्या' (१९५३) मधील सुलोचनाबाईंची सोज्ज्वळ गृहिणी. दुसरी हंसा वाडकर अथवा जयश्री गडकर यांनी रंगविलेली लावणीनर्तकी. पहिलीला मान मिळे, दुसरीला शिट्ट्या. म्हणजे संगीत नाटकाने ज्या दोन स्त्रियांना एकमेकींपासून तोडले होते, त्यांची ताटातूट चित्रपटाने कायम ठेवली. सुलोचना चव्हाण यांनी अतिशय ठसकेबाज लावण्या गाइल्या, पण गाताना डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. कंठाने एका स्त्रीची भूमिका घ्यावयाची आणि वेषाने दुसरीची ग्वाही द्यावयाची, असा हा तोल होता. तो त्यांनी असामान्य डौलाने सांभाळला. परंतु तो सांभाळावा लागला, हेच पुरेसे सूचक आहे.

या विषमतेचा सर्वांत तीक्ष्ण पुरावा मात्र पुरुषांच्या बाबतीत मिळतो. आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीवरील चित्रपट २०१० मध्ये आला, आणि 'बालगंधर्व' हा चित्रपट २०११ मध्ये. दोहोंचा नायक स्त्रीवेष घेणारा पुरुष आहे. पहिल्यातील गुणा हा कुस्तीगीर. फड उभा करण्यासाठी तो कमावलेले शरीर उतरवून नाच्या होतो, आणि वाट्याला येते ती हेटाळणी, अत्याचार आणि घरच्यांचा दुरावा. दुसऱ्यातील नायकाला उपाधी मिळते, राजाश्रय मिळतो, घरोघरी पूजा होते. प्रत्यक्ष जीवनातही हेच दिसते. बालगंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि १९६८ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. तमाशाप्रधान चित्रपटांतून नाच्या रंगविणारे गणपत पाटील यांना मात्र त्या भूमिकेचा शिक्का आयुष्यभर जाचला. कृती एकच, पुरुषाने स्त्रीचे रूप घेण्याची. एका ठिकाणी ती कला ठरली आणि दुसऱ्या ठिकाणी लाजिरवाणी गोष्ट, कारण एका ठिकाणी उसने घेतलेले स्त्रीत्व कुलीन होते आणि दुसऱ्या ठिकाणी ते वेशीबाहेरचे होते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. भाऊरावांच्या काळी नायिकेचे माप कंठ हे होते. बालगंधर्वांच्या काळी ते चालरीत व वेष झाले. कॅमेऱ्याच्या आगमनानंतर ते चेहरा व देह झाले. यांतील प्रत्येक स्थित्यंतराला रंगमंचावरील प्रवेशाचे नियम व पाहण्या-ऐकण्याची साधने कारण झाली. पुरुषाने घडविलेला आदर्श मोडून निघाला तो यंत्रामुळे आणि त्याचबरोबर हिराबाई, ज्योत्स्नाबाई, दुर्गाबाई, शांताबाई यांच्यासारख्या स्त्रियांच्या धैर्यामुळे. यंत्राने दार उघडले, पण दारातून आत येण्याचे धाडस त्यांना स्वतःलाच करावे लागले.

मापे बदलली तरी एक रेषा फारशी पुसली गेली नाही. कुलीन आणि अकुलीन अशी स्त्रीची विभागणी शालूपासून पोहण्याच्या पोषाखापर्यंत सर्व रूपांतरांत टिकून राहिली. आणि ज्या स्त्रियांच्या गळ्यावर व पायांवर मराठी रंजनकलेचा फार मोठा भाग उभा आहे, त्याच बहुधा या रेषेपलीकडे राहिल्या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या थोर तमाशा कलावतीचे २००२ मध्ये निधन झाले. त्यांच्या अखेरच्या दिवसांतील विपन्नावस्था महाराष्ट्राला ठाऊक आहे. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात तमाशात नाचणाऱ्या आपल्या आईचे जे जीवन मांडले, ते वाचताना सौंदर्यशास्त्राचा प्रश्न हा अंती न्यायाचा प्रश्न असतो, याची जाणीव होते.

म्हणून मराठी नायिकेच्या रूपाचा इतिहास लिहिताना कोणते रूप केव्हा आवडले, एवढी नोंद अपुरी आहे. ते रूप कोणाकडून घेतले, कोणाच्या अंगावर घातले आणि कोणाला नाकारले, हे प्रश्नही प्रत्येक टप्प्यावर विचारले पाहिजेत. पवळेपासून विठाबाईंपर्यंतच्या स्त्रिया या इतिहासात परिशिष्ट म्हणून न येता मुख्य प्रकरणात आल्या, तरच तो इतिहास पूर्ण होईल.